मदत हवी आहे: भावाच्या जबड्यातली गाठ, सोलून काढायची की जबडा कापायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. धाकट्या भावाच्या (वय 19) खालच्या जबड्याला डावीकडे सूज आहे. दुखत नव्हतं, त्यामुळे तो कुणाला बोललाच नाही. ओपीजीत (अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत) अक्कलदाढ पार खाली ढकललेली दिसते, तिच्याभोवती गुळगुळीत कडेची मोठी काळी पोकळी, आणि शेजारच्या दाढेची मुळं सुरीने छाटल्यासारखी आखूड. आधी साधी डेंटिजेरस सिस्ट, म्हणजे न उगवलेल्या दाताभोवती होणारी पाण्याची पिशवी, वाटली होती. बायोप्सीत (तुकडा काढून केलेल्या तपासणीत) युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा आला, म्हणजे दात बनवणाऱ्या पेशींसारख्या पेशींची, एकच पोकळी असलेली गाठ.

कॅन्सर नाही म्हटल्यावर आईच्या जिवात जीव आला. पण एक सर्जन म्हणतात गाठ सोलून काढू आणि लक्ष ठेवू. दुसरे म्हणतात जबड्याचा तेवढा भाग कापून पायाचं हाड बसवू. मला समजलंय ते असं: गाठीच्या पेशी पोकळीच्या अस्तरात किंवा आतल्या बाजूलाच वाढल्या असतील तर सोलून भागतं. भिंतीत घुसल्या असतील, म्हणजे म्युरल प्रकार असेल, तर ती परत येण्याची भीती जास्त. रिपोर्टात लिहिलंय की एवढ्या तुकड्यावरून हे सांगता येत नाही. मग कशाच्या भरवशावर पोराचा जबडा कापू द्यायचा? बायोप्सीच्या स्लाइड मुंबईला टाटात पुन्हा तपासून घ्याव्यात का? बीआरएएफ या जनुकाच्या तपासणीने काही कळेल का? कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद

ताई, मी ओरल पॅथॉलॉजीत (तोंडाच्या आजारांचे तुकडे तपासून निदान करणारी शाखा) आहे. स्लाइड जरूर दाखवा, पण सोबत पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेला मूळ तुकडा) मागून घ्या. त्यातून नवे छेद, म्हणजे पातळ काप, घेता येतात. ओपीजी आणि सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) द्यायला विसरू नका. नुसता तुकडा पाहून आम्हीही अडतो, त्यात तो इन्फेक्शनने सुजलेला असला तर अस्तराची ओळखच पुसली जाते. खालच्या जबड्यातल्या बहुतेक अमेलोब्लास्टोमात बीआरएएफचा बदल सापडतो. त्याने निदान पक्कं व्हायला मदत होईल, पेशी भिंतीत घुसल्यात का, याचं उत्तर मिळणार नाही. ते अख्खी गाठ तपासल्यावरच मिळतं. म्हणून सोलून काढायचं ठरलं तर ठिकठिकाणचे छेद तपासायला आधीच सांगून ठेवा. भिंतीत पेशी निघाल्या तर पुढचं ऑपरेशन तेव्हा ठरवता येईल. पायाचं हाड बसवलं तरी कापलेला मूळ जबडा मात्र परत मिळत नाही, म्हणून हा प्रश्न दोन्ही सर्जनना समोरासमोर विचारा.

आणि काहीही केलंत तरी ओपीजी दरवर्षी काढत राहा, 5 वर्षं झाली म्हणून थांबू नका. ही गाठ उशिरानेही परत येते.