अनुभव धागा: थोडक्या पैशांत होम थेटरचा आवाज सुधारणं

माळ्यावरचा_खोका
दिवाळीची साफसफाई चालू आहे. माळ्यावरून जुन्या पाच-एक (५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल आवाजाचा एक सबवूफर) सेटचा खोका खाली आला आणि डीव्हीडीचे ते दिवस आठवले. असे सेट अजून घरोघरी पडून आहेत. डीव्हीडीची लेन्स गेली की सगळंच भंगारात जातं याचं वाईट वाटतं, कारण आतला अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकर चालवणारा भाग) बहुतेक वेळा ठणठणीत असतो. मागे ऑप्टिकल इन आहे का ते आधी बघा. असेल तर टीव्हीची ऑप्टिकल तार (आवाज प्रकाशातून नेणारी) सरळ तिथे, पाचही चॅनल मिळतात. नुसतं ऑक्स (साधी ऑडिओ तार लावायची जागा) असेल तर टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून दोन चॅनल द्या आणि रिमोटवर 'प्रो लॉजिक' शोधा. त्यानं संवाद मधल्या स्पीकरला जातात आणि बाकीचं आजूबाजूला पसरतं.

खोली साधारण १० बाय १२ ची आणि खर्च १५ हजारांच्या आत धरून लिहा. काय जोडलं, कुठे अडतं, का अडतं, सगळं येऊ द्या. नुसती 'अमुक साउंडबार घ्या' अशी उत्तरं नकोत.

पीसीएम
टीव्हीच्या सेटिंगपासून सुरुवात करा, पैसा लागत नाही. 'डिजिटल ऑडिओ आउट' बऱ्याच टीव्हींवर 'पीसीएम' (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) असतं. ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनल. पाच-एक रिसीव्हर (आवाज उलगडून स्पीकरना देणारा डबा) असेल तर 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा, म्हणजे टीव्ही आवाज न उलगडता पुढे देतो.

उलट स्वस्तातला ऑप्टिकल-टू-आरसीए डबा (डिजिटल आवाज लाल-पांढऱ्या पिनांच्या साध्या तारेत देणारा) लावला असेल तर पीसीएमच हवं. तो डबा डॉल्बी (दाबून भरलेला अनेक चॅनलचा आवाज) उलगडू शकत नाही, म्हणून आवाज येत नाही किंवा खरखर येते. लोक डबा खराब म्हणून परत करतात आणि दोष सेटिंगचा असतो.

एचडीएमआय वापरणार असाल तर टीव्हीच्या ज्या पोर्टवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच तारेनं रिसीव्हरला परत देणारी सोय) लिहिलंय त्यातच तार लावा आणि सीईसी (त्याच तारेवरून उपकरणांनी एकमेकांना चालवायची सोय) चालू ठेवा. बाकीच्या पोर्टांतून आवाज परत येत नाही.

रेवा_ठाणे
>> ऑप्टिकल इन आहे का ते आधी बघा

पण ओटीटीवर डॉल्बी डिजिटल प्लस असतं ना? ऑप्टिकलमधून ते जातं?

पीसीएम
नाही जात. ऑप्टिकलची धाव साधं डॉल्बी डिजिटल, डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा प्रकार) आणि दोन चॅनलच्या पीसीएमपर्यंत. पण बरेच टीव्ही 'प्लस'चं साधं डॉल्बी डिजिटल करून पुढे पाठवतात, त्यासाठी सेटिंगमध्ये 'डॉल्बी डिजिटल' निवडा. जुना रिसीव्हर त्यामुळे बाद होत नाही. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारं डॉल्बी) मात्र मिळणार नाही, त्याला निदान एआरसी लागतं.

तार_आणि_सोल्डर
तारेवर लिहितो, कारण इथे लोक एकतर फारच कंजुषी करतात नाहीतर भलत्या महाग केबल घेतात.

१.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम. मागच्या स्पीकरला भिंतीकडेनं १० मीटर लागली तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.२४ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला हे ३ टक्के, काही बिघडत नाही. सेटबरोबर आलेली बारीक तार ०.५ चौरस मिमीची धरा, तेच ०.७२ ओहम होतं. जुन्या सेटांचे स्पीकर ४ ओहमचे, कधी ३ चेही असतात. ४ ला ०.७२ म्हणजे १८ टक्के. बास ढिला होतो, आवाज कमी होतो. ५ टक्क्यांच्या आत राहा एवढं गणित पुरे.

इलेक्ट्रिकच्या दुकानातली दोन कोअरची फ्लेक्सिबल तांब्याची तार चालते. 'स्पीकर वायर' म्हणून जी पारदर्शक जाड तार स्वस्तात मिळते ती पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. चाकूनं एक काडी खरवडा, आत पांढरं दिसलं तर समजा. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपट असतो. लेबलवरची जाडी खरी असेल तर २.५ ची घेऊन काम भागतं, पण भाव तांब्याचा देऊ नका. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे मीटरवर तार मिळते, समोर खरवडून बघा आणि मग कापायला सांगा.

आणि टोकं. सोललेल्या काड्या पीळ देऊन आत घाला, एकही काडी शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. लागली की अ‍ॅम्प्लिफायर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद होतो, किंवा साधा असेल तर जळतो.

शिट्टी_तीन
चिवड्याचे पोहे भाजायला घेतलेत, एका हातानं टाइप करतेय. प्लस-मायनस उलटसुलट लागलंय हे कसं ओळखायचं? जुन्या तारांवर खूण नाही.

तार_आणि_सोल्डर
ताई, रिसीव्हरकडची तार काढा आणि १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल त्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. लगेच उचला, धरून ठेवू नका. ट्वीटरवर (वरच्या सुरांच्या बारीक स्पीकरवर) हा प्रयोग नको. पुढच्या दोघांपैकी एक उलटा असेल तर बास गायब होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर विस्कटतो.

शिट्टी_तीन
धन्यवाद! पोहे झाले की बघते.

रेवा_ठाणे
पातळ पोहे उन्हात ठेवले तर भाजायला वेळ लागत नाही ताई :)

कोपरा_नको
जागेबद्दल कुणीच लिहिलं नाही. पुढचे दोन स्पीकर बसायच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० अंशांत. मागचे ११० अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या बाजूला आणि किंचित मागे. पुढच्या स्पीकरचा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. आपल्याकडे शोकेसच्या वरच्या फळीवर छताला टेकवून ठेवतात, त्यानं आवाज डोक्यावरून जातो.

सबवूफरचं वेगळं. त्याला उचलून सोफ्यावर, बसायच्या जागी ठेवा. बासची चाल सतत वर-खाली जाणारं गाणं लावा आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारख्या जोरानं ऐकू येतात तिथे सबवूफर. १० बाय १२ फुटांत लांबीचा अनुनाद सुमारे ४७ हर्ट्झला आणि रुंदीचा ५६ ला येतो. खोलीच्या अगदी मध्यावर खुर्ची ठेवली तर नेमके हेच सूर पडतात, भिंतीला चिकटवली तर फुगतात. खुर्ची फूट-दीड फूट पुढे घेऊन बघा. कोपऱ्यात सबवूफर सगळ्यात मोठा वाजतो म्हणून तिथे ढकलतात, आणि मग धमधमाट. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरला जातात तो आकडा) ८० हर्ट्झ. पण सेटचे स्पीकर ३ इंची असतील तर १२० ते १५० लागेल, नाहीतर मधला भरदार आवाज कुठूनच येत नाही.

खाली शेजारी असतील तर पायांखाली जाड रबराचे तुकडे. थरथर फरशीत कमी उतरते. हवेतून जाणारा बास त्यानं थांबत नाही, त्यासाठी रात्री व्हॉल्यूमच कमी करायला हवा.

दमट_हवा
कोकणात आणि गोव्यात जुन्या वूफरची (खालच्या सुरांच्या स्पीकरची) फोमची कड गळून पडते. स्पीकर मेला असं समजू नका. मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो, ४ चा ३ ते ३.५. एवढं आलं म्हणजे कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) शाबूत.

कडेची रिंग वेगळी विकत मिळते. माप घेताना तीन आकडे हवेत: फ्रेमचा आतला व्यास, कोनचा व्यास, कडेच्या घडीची रुंदी. नुसतं '६ इंची द्या' म्हटलं तर चुकीची येते. जुना फोम आणि गोंद खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आधी रिंग कोनला चिकटवा, वाळू द्या. मग फ्रेमला लावताना कोन बोटांनी हळू खाली-वर करून बघा. कॉइल घासल्याचा 'खर्र' आवाज आला तर गोंद ओला असतानाच सरकवा. मधली टोपी काढून कॉइलभोवती पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या घातल्या तर केंद्र नेमकं राहतं. एक दिवस वाळवा, मग वाजवा. दमट गावात रबराचीच कड घ्या, फोम पुन्हा गळणार. जुन्या फोमच्या स्पीकरला फार जाड, ताठ रबर मात्र नको, कोनची हालचाल बदलते.

माळ्यावरचा_खोका
वा, हेच हवं होतं. गळलेली कड बघून फेकायलाच निघालेले असतात लोक.

एकोणीस_व्होल्ट
अ‍ॅम्प्लिफायर मेला असेल तर माझं मत: पाच-एकचा नाद तात्पुरता सोडा. दोन बरे बुकशेल्फ (फळीवर मावणारे) स्पीकर पाच चिमुकल्या प्लास्टिकच्या डब्यांपेक्षा सिनेमातसुद्धा सरस वाजतात. त्यांच्यासाठी टीपीए ३११६ चिपचा तयार अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणि लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा जुना अडॅप्टर पुरे. ८ ओहमला चॅनलमागे २० वॉटच्या आसपास मिळतात, १० बाय १२ ला ते खूप झाले. डब्यावर '१००० वॉट पीएमपीओ' (फुगवलेला क्षणभराचा आकडा) लिहिलेल्याकडे बघू नका, आरएमएस (सतत मिळणारे खरे वॉट) विचारा. पॉवर दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलच वाढतो. त्यापेक्षा ८५ ऐवजी ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटला किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकर घेतला तर तेवढंच फुकट मिळतं.

जुन्या सेटच्या सबवूफरला बहुतेकदा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो. त्याची तार रिसीव्हरच्या 'सब प्री-आउट'ला (तिथून नुसता बारीक सिग्नल येतो) जोडून काही वाजत नाही. लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर सोडणारा) असलेला मोनो अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड मध्ये लागतो.

न्यूजर्सीकर
इकडे जुने रिसीव्हर थ्रिफ्ट स्टोअरमध्ये मातीमोल मिळतात आणि पुष्कळ जण भारतात पाठवतात. मागे '१२० व्होल्ट ६० हर्ट्झ' लिहिलेलं असतं. २३० ला सरळ लावला की फ्यूज, नाहीतर ट्रान्सफॉर्मर गेलाच. स्टेपडाउन (२३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, रिसीव्हरच्या मागे जेवढे वॉट छापलेत त्याहून मोठा. तो जड असतो, गुणगुणतो आणि पैसेही जातात. हिशोब केला तर भारतातच सेकंडहँड घेतलेला बरा पडतो. स्पीकरला व्होल्टेजचा प्रश्न नाही, ते बिनधास्त आणा.

तार_आणि_सोल्डर
+१. सेकंडहँड रिसीव्हर घेताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवून प्रत्येक स्पीकर टर्मिनलवर डीसी मिलिव्होल्ट मोजा. ५० च्या आत हवेत. शेकड्यांत आले तर आउटपुट स्टेज बिघडलीय, घेऊ नका. एचडीएमआयचा प्रत्येक पोर्ट लावून बघा, तोच भाग आधी जातो. कॅलिब्रेशनचा (खोलीनुसार आवाज जुळवायचा) माइक मागून घ्या, दुसऱ्या कंपनीचा चालत नाही. आणि जुन्या सेटचे ३ ओहमचे स्पीकर ६ ओहम लिहिलेल्या रिसीव्हरला लावू नका. आवाज वाढवला की तापतो आणि बंद पडतो.

आजोबांसाठी
आमच्याकडे प्रश्न एकच, संवाद कळत नाहीत. गाणी आली की सगळे कान झाकतात.

कोपरा_नको
मधला स्पीकर कपाटाच्या आत ढकललेला असतो, त्यानं आवाज घुमतो. फळीच्या कडेपर्यंत पुढे काढा, खाली असेल तर पुढून रबराचा तुकडा घालून तोंड कानाकडे करा. मग सेंटर २-३ डेसिबल वाढवा. 'नाइट मोड' चालू करा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक उचलतो. वयानुसार वरचे सूर आधी कमी ऐकू येतात आणि व्यंजनं तिथेच असतात, म्हणून ट्रेबल थोडं वाढवून बघा. सेंटर नसेल तर रिसीव्हरमध्ये 'सेंटर: नन' करा, नाहीतर संवाद न लावलेल्या स्पीकरला जातात.

गोधडी
गुळगुळीत फरशी, कोऱ्या भिंती आणि काचेची खिडकी असेल तर कितीही महाग स्पीकर घ्या, गोंगाटच. समोर जाड सतरंजी, खिडकीला चुण्यांचा जाड पडदा. बाजूच्या भिंतीवर एकाला आरसा सरकवायला सांगा. बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला ती पहिल्या परावर्तनाची जागा. तिथे २ बाय ४ फुटांची लाकडी चौकट, आत ५० मिमी जाडीचं, घनमीटरला ४८ किलोचं रॉकवूल, वर सुती कापड, आणि भिंतीपासून २ इंच अंतर. कापताना मास्क आणि हातमोजे घालाच. अंड्यांचे ट्रे लावू नका, ते काही शोषत नाहीत आणि लवकर पेट घेतात.

शिट्टी_तीन
सेल लावून बघितला, डावा उलटाच होता! आता आवाज मधोमध येतोय. पण 'हुंम्म' असं सतत येतंय, सबवूफरमधून.

एकोणीस_व्होल्ट
टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची तार आहे का? ती काढून बघा. गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्यानं येणारी गुणगुण). टीव्ही, सेट-टॉप, सबवूफर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर डिशच्या नव्हे, केबलवाल्याच्या तारेवर आयसोलेटर (सिग्नल सोडून विजेचा जोड तोडणारा) लावा. डिशच्या तारेतून वर एलएनबीला (छत्रीवरच्या सिग्नल घेणाऱ्या डब्याला) वीज जाते, आयसोलेटर ती अडवतो. किंवा टीव्हीकडून ऑप्टिकल घ्या, त्यात तांबंच नाही. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, शॉक बसतो.

शिट्टी_तीन
केबलचीच आहे. उद्या चकलीची भाजणी दळून आणली की बोर्ड बदलते.