गोवरच्या साथीचा खर्च कोणी सोसावा?

मूळ मुद्दा

गोवर येतो आणि जातो, त्यासाठी सरकारने एवढा आटापिटा कशाला करावा, असा सूर वारंवार ऐकू येतो. 2019 साली अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, मुख्यतः क्लार्क काउंटीत, गोवरची साथ आली. तिच्यात 72 जणांना लागण झाली आणि एकूण भुर्दंड सुमारे 34 लाख डॉलरचा पडला. यात प्रत्यक्ष औषधोपचाराचे जेमतेम 76 हजार होते. सुमारे 10 लाख बुडालेल्या कामाचे आणि तब्बल 23 लाख साथ आवरण्याचे होते. रुग्ण निघून गेल्यावरही गोवरचा विषाणू खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. त्यामुळे दवाखान्यात त्या वेळी बसलेल्या प्रत्येकाला शोधून काढणे, त्याच्या लसीकरणाची नोंद तपासणे आणि प्रतिकारशक्ती नसलेल्यांना 21 दिवस घरी थांबवणे भाग पडते. वैद्यकीय कारण नसताना ज्यांनी लस नाकारली, त्यांच्याकडून या खर्चाचा काही भाग वसूल व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1

आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. संपर्कात आलेल्यांचा शोध रुग्णाच्या घरच्यांनी खरे सांगण्यावर चालतो. वसुलीची टांगती तलवार असेल तर ताप आणि पुरळ अंगावर काढले जातील, आणि साथ आणखी महाग पडेल. शिवाय प्रत्येक नकार हटवादी नसतो. प्रशांत महासागरातील सामोआ या छोट्या बेटदेशात 2018 साली गोवरच्या लशीत चुकीचे औषध मिसळले गेल्याने दोन तान्ही मुले दगावली, लसीकरण काही महिने थांबले आणि लोकांचा विश्वास उडाला. पुढच्या वर्षीच्या साथीत 83 जणांचा जीव गेला, त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्या आईबापांच्या हाती आपण बिल ठेवणार का?

प्रतिसाद 2

माझा आक्षेप हिशेबावरच आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार साथ नसती तरी द्यावेच लागले असते. मग ते साथीच्या खात्यावर का मांडायचे?

धागाकर्त्याचे उत्तर

पगार तोच राहिला, तरी काम बदलते. न्यूयॉर्क शहरात 2018-19 च्या साथीत 649 रुग्ण आढळले, आणि तेथील आरोग्य विभागाचे साडेपाचशेहून अधिक कर्मचारी त्या कामाला जुंपावे लागले. एरवी ते जे काम करत होते ते खोळंबले, आणि माझ्या दृष्टीने तोही खर्चच आहे. सामोआचे उदाहरण मात्र माझीच बाजू बळकट करते. तेथे 5 आणि 6 डिसेंबर 2019 रोजी सरकारी कामकाज बंद ठेवून पथके घरोघर लस देत फिरली. अख्ख्या देशाचे दोन दिवस गेले, ते कोणी भरून द्यायचे?

प्रतिसाद 1

त्या दोन दिवसांत पथके दारात आली आणि लोकांनी लस टोचून घेतली, हेच मला महत्त्वाचे वाटते. वसुलीची यंत्रणा उभारायला लागणारा पैसा अशा पथकांवर साथ येण्याआधीच खर्च करावा. गोवरला रोखायचे तर सुमारे 95 टक्के लोकांना संरक्षण हवे, आणि शेवटच्या काही टक्क्यांपर्यंत पोहोचायला दंडाची पावती नव्हे, ओळखीची परिचारिका उपयोगी पडते.

धागाकर्त्याचे उत्तर

परिचारिका आधी जावी, हे मान्य. पण ती वारंवार जाऊनही जो दार लावून घेतो, त्याच्याबाबत माझी मागणी कायम आहे.