मदत हवी आहे: काळ्या वाटाण्याचं सांबार खाऊनही आईची साखर २४६ कशी?

वेळेवरचा वारा:

नमस्कार मंडळी,

आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूचे. आई ६८ वर्षांची, साखरेची गोळी नऊ वर्षं चालू आहे. गेल्या महिन्यात तिची तीन महिन्यांची साखर (एचबीएवनसी) ८.२ आली. डॉक्टर म्हणाले, भात कमी करा, कडधान्यं वाढवा. आई त्यांच्यासमोर गप्प बसली आणि रिक्षात चढल्यावर म्हणाली, "भात नाय तर ता जेवाण कसला?"

बायको नोकरीमुळे रत्नागिरीला असते, आठवड्याला येते. त्यामुळे चूल माझ्याकडे. म्हटलं, आईला मुगाच्या मोडांचं सॅलड वगैरे दिलं तर ती ते कोंबड्यांना घालेल. तिला आवडेल असंच काहीतरी हवं. म्हणून रविवारी काळ्या वाटाण्याचं सांबार केलं. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, घरचा मालवणी मसाला, सगळं रीतसर. थोडं दाट व्हावं म्हणून एक बटाटा घातला. सोबत आंबोळ्या, कारण सांबाराबरोबर दुसरं काही शोभतच नाही. भात अजिबात नाही! मी खुशीत.

दोन तासांनी बोट टोचलं तर २४६.

आईने मशीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ, भाताचो काय दोष नाय."

प्रश्न तीन. वाटाण्याने साखर वाढते का? सांबार कसं करावं म्हणजे पोटभरीचं होईल आणि साखरही आवरेल? आणि वाटाणे रात्रभर भिजवून, पाच शिट्ट्या काढूनही टणकच राहतात, ते कशाने? आईला कवळी आहे, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला छोटा नाही.

—

डाळिंबी उसळ:

आंबोळ्या किती खाल्ल्या? आणि आईंनी वाटाणे खाल्ले की नुसतं सांबार ओरपलं?

—

वेळेवरचा वारा:

आंबोळ्या तीन, चांगल्या जाड. दुसऱ्या प्रश्नावर मी आधी हसलो आणि मग आठवलं. ताट घासायला घेतलं तेव्हा कडेला वाटाण्यांची रांग होती. मोजले नाहीत, पण मूठभर तरी असतील. म्हणजे तिने रस, बटाटा आणि आंबोळ्या खाल्ल्या. वाटाणे मांजरालाही चालले नाहीत.

—

डाळिंबी उसळ:

मग उत्तर ताटाच्या कडेलाच होतं की. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केलात ते पोटात गेलंच नाही. आणि आंबोळी म्हणजे दुसऱ्या कपड्यातला भातच. तीन भाग तांदूळ, एक भाग उडीद असं आमच्याकडे प्रमाण असतं. तीन जाड आंबोळ्यांत अर्धी-पाऊण वाटी कोरडा तांदूळ सहज जातो, तोही दळलेला, म्हणजे पचायला आणखी झटपट. घावणे आणि तांदळाची भाकरी यांचंही तेच.

—

किनारपट्टी:

चिमूटभर सोडा घाला, लोण्यासारखे शिजतात.

—

माहेर मालवण:

सोडा शेवटचा उपाय ठेवा. त्याने चव साबणासारखी होते, ब जीवनसत्त्व मरतं आणि आईंना बीपी असेल तर जादा सोडियम कशाला? आधी सांगा, पाणी कुठलं वापरता?

—

वेळेवरचा वारा:

घरच्या विहिरीचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, उन्हाळ्यात पाणी थोडं मचूळ होतं. आणि हो, बीपीची गोळी आहे.

—

माहेर मालवण:

वाटलंच. आमच्या माहेरच्या विहिरीचं असंच आहे. जड पाण्यातले क्षार वाटाण्याच्या सालाला धरून बसतात, मग कितीही शिट्ट्या काढा. भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला पिण्याचं आरओ फिल्टरचं पाणी घ्या. दुसरं, वाटाणे कधीचे आहेत? डब्यात तळाला दोन वर्षं पडलेले असतील तर देवही ते शिजवू शकणार नाही. तिसरं म्हणजे आंबट. सोलं (आमसुलं) सुरुवातीलाच टाकत असाल तर वाटाणे तिथेच थांबतात. सोलं अगदी शेवटी, वाटाणा दोन बोटांत चिरडायला लागला की मगच.

माझी पद्धत अशी. एक वाटी काळे वाटाणे संध्याकाळी भिजत घालायचे, १० ते १२ तास. सकाळी ते पाणी फेकायचं (गॅसेसची तक्रार बरीच कमी होते), नवीन पाण्यात कुकरला लावायचे. एक शिट्टी जोरात, मग आच बारीक करून २० ते २५ मिनिटं. कुकर आपोआप पडू द्यायचा. शिट्ट्या मोजण्यापेक्षा बारीक आचेवरची मिनिटं मोजा, फरक कळेल.

बटाटा काढून टाका. दाटपणा वाटाण्यातूनच आणायचा: शिजलेल्यातले पळीभर वाटाणे कांदा-खोबऱ्याच्या वाटपाबरोबर मिक्सरला लावा. रस असा दाट होतो की खोबरं निम्म्यावर आणलं तरी कोणाला कळत नाही, आणि कवळीवाल्या माणसाच्या पोटात वाटाणा रसातूनच जातो! उरलेले वाटाणेही पळीच्या पाठीने थोडे ठेचा. आलं-लसूण सढळ हाताने, हिंग फोडणीत, गूळ नाही.

वाढताना उलटं वाढायचं. आधी दोन वाट्या सांबार आणि काकडीची कोशिंबीर, आंबोळी नंतर, आणि एकच. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की मागून आलेल्या पिठाची साखर सावकाश रक्तात उतरते. वाटाण्यातही पिष्ट आहे, साखर अजिबात वाढत नाही असं नाही, पण ती हळूहळू वाढते. आंबोळीच्या पिठात उडीद निम्म्याला निम्मा घालून बघा. आमच्या सासूबाईंना अजून पत्ता नाही.

—

अष्टागरातली:

आमच्या अलिबागकडे हेच काम कडवे वाल करतात. पण आम्ही बिरड्यात गूळ घालतो आणि मग दोन वाट्या भात कालवतो, तेव्हा आमचं कौतुक करू नका. वाल भिजवलेलं पाणी मात्र नक्की फेका, कडवटपणा त्यातच उतरतो.

—

गोळीचं बघा:

सगळे रेसिपीत रंगलात, एक महत्त्वाचं राहिलं. गोळ्यांत ग्लिमेपिराइडसारखी गोळी आहे का? असेल तर भात-आंबोळी एकदम कमी केल्यावर साखर खाली जाऊ शकते. माझ्या वडिलांचं असंच झालं, दुपारी घाम, हाताला कंप, आम्हाला वाटलं उकाडा. मोजली तर ५८. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. आहार बदलताय हे डॉक्टरांना आधी सांगा, डोस तेच ठरवतील. आणि किडनीचा रिपोर्ट बरा नसेल तर कडधान्यं किती चालतील हेही तेव्हाच विचारा.

—

वेळेवरचा वारा:

गोळीच्या पाकिटावर बघितलं, आहे, मेटफॉर्मिनसोबत तीच आहे. लगेच फोन केला. डॉक्टरांनी डोस तूर्त तोच ठेवलाय, आठवडाभर जेवणाआधी आणि दोन तासांनी आकडे लिहून आणायला सांगितलंय. किडनीच्या रिपोर्टमधलं क्रिएटिनिन ठीक आहे. जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत ठेवायचा प्रयत्न करा म्हणाले. ज्यांनी विचारायला लावलं त्यांचे आभार, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

—

वेळेवरचा वारा (आठ दिवसांनी):

नवीन वाटाणे आणले, फिल्टरचं पाणी वापरलं, बारीक आचेवर २५ मिनिटं ठेवले. झाकण काढलं तर अर्ध्या वाटाण्यांची सालं सुटलेली. पळीभर वाटून घातले, सोलं शेवटी चार. आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, "खोबरा जास्त घातलंस मा?" मी मान डोलावली. खोबरं निम्मं होतं.

दोन वाट्या सांबार, एक आंबोळी. ताटाच्या कडेला काही नाही. दोन तासांनी १७१. एकाच दिवसाचा आकडा आहे, मला माहीत आहे. गुरुवारी तेच जेवण होतं तर १८४ आला. पण गुरुवारी कोशिंबीर नव्हती आणि माझी पाठ असताना दुसरी आंबोळी गेली असावी असा संशय आहे.

आई आता स्वतःहून कडधान्य सुचवायला लागलीय. उद्या कुळथाची पिठी कर म्हणाली. पिठीबरोबर गरम भात लागतोच, हे ती विसरलेली नाही. पिठीसोबत भाताऐवजी काय वाढता येईल, हे कोणी सुचवाल का? उत्तर उद्या अकरापर्यंत हवंय.