'शेन' चौथ्यांदा पाहिला आणि रायकरची बाजू पटायला लागली. चुकतंय का माझं?

माळरान (धागालेखक)

आधीच सांगतो, खाली शेवट फुटलेला आहे.

'शेन' म्हणजे जॉर्ज स्टीव्हन्सचा १९५३चा वेस्टर्न. वायोमिंगमधल्या एका खोऱ्यात रायकर नावाचा बडा रँचर वर्षानुवर्षं आपली गुरं मोकळी चारतोय. सरकारी कायद्याने जमीन घेतलेली शेतकरी कुटुंबं तिथे येऊन बसतात, कुंपणं घालतात, पाट काढतात. त्यांचा म्होरक्या जो स्टॅरेट. शेन नावाचा वाटसरू त्याच्याकडे गडी म्हणून राहतो. शेतकरी हटत नाहीत म्हटल्यावर रायकर विल्सन नावाचा भाडोत्री बंदूकबाज आणतो. (आमच्या आईला पाच मिनिटं वाटत होतं की रायकर म्हणजे कुणी कारवारकडचा.)

तीन वेळा मी निमूटपणे शेनच्या बाजूने होतो. या वेळी रायकर रात्री स्टॅरेटच्या दारात येतो, तो प्रसंग मागे नेऊन परत पाहिला. तो म्हणतो, आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं. रक्त सांडून ही जागा राहण्याजोगी केली. खांद्यात बाण घुसला होता, तो अजून दुखतो. आता तुम्ही आयते येऊन कुंपण घालता, पाटाने पाणी वळवता, ओढा आटतो आणि माझी जनावरं हलवावी लागतात. रायकर झालेला एमिल मेयर हे सगळं दात न खाता बोलतो, थकलेल्या माणसासारखं. वर स्टॅरेटला चांगल्या पगाराची नोकरीही देऊ करतो.

माझी तक्रार पटकथेवर आहे. खलनायकाला इतकी खरी बाजू दिली आणि मग लेखकच तिला घाबरला. विल्सन आणला, त्याच्या गोळीने टॉरी नावाच्या बिचाऱ्या शेतकऱ्याला चिखलात पाडलं, की प्रेक्षकाला डोकं चालवायची गरज उरत नाही. जमिनीचा प्रश्न बंदुकीत बुडवला.

सातबारा

बाजू राहू द्या, कागद दाखवा. ते कुरण सरकारी होतं. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे, अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची. स्टॅरेट तेच करतोय. रायकरने काय केलं? फुकटच्या गवतावर गुरं चारली. तारेच्या कुंपणाबद्दल या लोकांनी गळा काढावा, हा तर विनोद आहे. स्वतः सरकारी जमिनीला बेकायदा कुंपणं घालण्यात हेच पुढे होते, इतके की १८८५मध्ये त्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

गावच्या गायरानात वीस वर्षं म्हशी चारल्या म्हणून गायरान आपल्या नावावर होत नाही.

कोरडवाहू

कागदावर स्टॅरेट बरोबर, पण कागद करणारे गवत बघून करत नव्हते. १८७८मध्ये जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारला अहवाल दिला होता की या कोरड्या मुलखात १६० एकरांचे तुकडे पाडण्यात अर्थ नाही. पाण्याखालची असेल तर ८० एकर पुरे, चराऊ असेल तर एका कुटुंबाला २५६० एकर लागतील. कुणी ऐकलं नाही. पुढे १९०९ला मर्यादा ३२० केली, १९१६ला चराऊ जमिनीसाठी ६४०. म्हणजे हळूहळू चूक कबूल केली.

आमच्याकडे माणदेशात १६० एकर म्हटलं तर लोक हसतील, वाटण्या होऊन दोन-दोन एकर राहिलेत. पण पाऊस नसलेल्या जमिनीचा आकडा नुसता मोजून काय कळणार? वर कुणीतरी बंधारा घातला की खालच्याचं काय होतं ते आम्ही बघतो. ओढा आटल्याचं रायकरचं म्हणणं मला ऐकल्या ऐकल्या पटलं. त्या एका वाक्यावर अख्खा चित्रपट काढता आला असता.

सातबारा

पाणी कमी आहे म्हणून ते सगळं एकाच माणसाला द्यायचं, असा निष्कर्ष कसा निघतो?

कोरडवाहू

निघत नाही. तसं म्हटलंही नाही मी. वाटून घ्यायचं तर दोघांनी बसायला हवं होतं, आणि रायकर बसायला तयार आहे तो फक्त मालक म्हणून.

जुनी रिळे

रायकरचा कळवळा आलेल्यांनी जॉन्सन काउंटीत काय झालं ते जरा बघावं. कथेच्या मागे तेच प्रकरण आहे. एप्रिल १८९२. वायोमिंगमधल्या बड्या रँचर लोकांच्या संघटनेतल्या मंडळींनी टेक्सासमधून वीसेक बंदूकबाज भाड्याने आणले, स्वतःची माणसं मिळून पन्नासेक जण झाले. आरोप काय, तर छोटे लोक गुरं चोरतात. ९ एप्रिलला केसी रँचवर नेट चॅम्पियन आणि निक रे यांना गाठलं. चॅम्पियन कित्येक तास एकटा लढला, मधल्या वेळात वहीत काय चाललंय ते लिहीत होता. शेवटी घराला आग लावून त्याला बाहेर काढला आणि मारला. खरा रायकर दारात येऊन भाषण करत नव्हता.

पण माझा मुद्दा पुढचा आहे. बातमी पसरली तसे त्या भागातले शेतकरी आणि छोटे गुरेवाले शेकड्यांनी जमले आणि या भाडोत्री फौजेला टीए रँचवर वेढा घातला. मग राष्ट्राध्यक्ष हॅरिसनच्या हुकमाने घोडदळ आलं, ते कुणाला वाचवायला? वेढ्यात अडकलेल्या बड्या लोकांना! पुढे खटला मोडला, कुणालाही शिक्षा झाली नाही.

आता सांगा, यात शेन कुठे आहे? खऱ्या लोकांनी आपली लढाई आपण लढली. चित्रपटातले शेतकरी बैठका घेतात, घाबरतात, सामान बांधतात, आणि बाहेरून आलेला गोरागोमटा ॲलन लॅड (म्हणजे शेन) त्यांना सोडवतो. पटकथेने दगा दिला म्हणता तर तो इथे दिला. रायकरला नव्हे, शेतकऱ्यांना.

माळरान

हे मला माहीत नव्हतं. मुद्दा माझ्यापेक्षा भारी आहे, मान्य.

पडद्यामागचा

मला दोघांचंही पटत नाही. टॉरीचा मृत्यू ही पळवाट कशी? स्टीव्हन्स दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या चित्रीकरण पथकाचा प्रमुख होता, डाखाऊची छळछावणी मुक्त झाली तेव्हा त्याने तिथे चित्रण केलं. परत आलेल्या त्या माणसाला बंदूक मजेची वाटत नव्हती. म्हणून गोळीचा आवाज मुद्दाम कानठळ्या बसतील इतका मोठा ठेवला आणि टॉरीला तारांनी मागे खेचलं. त्याआधीच्या वेस्टर्नमध्ये माणसं छातीवर हात ठेवून हळूच कोसळायची. इथे एक छोटा, तोंडाळ, पण स्वाभिमानी माणूस चिखलात फेकला जातो आणि त्याला उचलायला एकच मित्र पुढे येतो. जमिनीचा वाद म्हणजे शेवटी हेच, असं तो सांगतोय. टेकडीवरचं दफन आठवा, कुत्रा शवपेटीवर पाय टाकतो ते. प्रश्न कुठेही बुडालेला नाही, त्याची किंमत दाखवली आहे.

रानवाट

सगळे दोनच बाजू मोजताहेत. रायकर म्हणतो जागा आम्ही घडवली. स्टॅरेट त्याला खोडून काढतो, की तुमच्याही आधी इथे फासे लावणारे आणि इंडियनांशी व्यापार करणारे होते. म्हणजे व्यापाऱ्यांपर्यंत आठवण जाते, पण ज्यांच्याशी व्यापार चालला होता त्यांच्यापर्यंत जात नाही! जॉन्सन काउंटीचा तो मुलूख १८६८च्या फोर्ट लॅरामी तहात लकोटा या आदिवासी लोकांची शिकारीची भूमी म्हणून मान्य झालेला होता. दहाएक वर्षांत तो गेला. शायान आणि अरापाहोंचंही तेच. रायकरच्या खांद्यात बाण का घुसला, हे अख्ख्या चित्रपटात कुणी विचारत नाही. आणि रायकरला गोमांसाच्या कंत्राटासाठी सगळं कुरण हवंय ना? त्या काळी राखीव प्रदेशांत कोंडलेल्या आदिवासींसाठी सरकार गोमांस विकत घ्यायचं, त्यावर कित्येक रँचर गबर झाले.

सातबारा

प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? १९५३चा चित्रपट आहे.

रानवाट

जमीन कुणाची यावर धागा आहे. इथे नाही आणायचं तर पाककृतीच्या धाग्यात आणू?

ओसरीवरून

स्टॅरेटची बायको मॅरियन, तिचं नाव एकानेही घेतलं नाही अजून. ती झालेल्या जीन आर्थरचा हा शेवटचा चित्रपट. खोऱ्यात एकही बंदूक नसेल तर सगळ्यांचं भलं होईल, शेन, तुझीसुद्धा नको, असं तोंडावर सांगणारी ती एकटी. नवरा मरायला निघतो तेव्हा त्याला थोपवताना ती म्हणते की हा नुसता गर्व आहे. चूल तिची, घर तिचं, पण जमिनीपायी जीव द्यायचा की नाही हे दोन पुरुष अंगणात मारामारी करून ठरवतात. शेनचं ते हत्याराबद्दलचं तत्त्वज्ञान (बंदूक वाईट नसते, धरणारा चांगला किंवा वाईट) लोक अजून घोकतात. तिने दिलेलं उत्तर कुणाला पाठ नाही.

गुळाचा चहा

शेन शेवटी मेलेला असतो. घोड्यावर नीट बसलेला नाही, हात लोंबतोय, दफनभूमीतून जातो. संपला विषय.

पडद्यामागचा

जखमी आहे. मेलेला माणूस डोंगर चढत नाही.

गुळाचा चहा

घोडा चढतो.

रिकामटेकडा भटक्या

अवांतर. चित्रीकरण जॅक्सन होलला झालं, मागे ग्रँड टिटॉनची शिखरं दिसतात (लॉयल ग्रिग्जला छायाचित्रणाचं ऑस्कर त्यासाठीच मिळालं असावं, निम्मं काम डोंगरांनी केलंय). गंमत म्हणजे त्या जागेवरच आधी पंचवीस वर्षं जमिनीचा तंटा चालू होता. तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाने, धाकट्या रॉकफेलरने, १९२०च्या दशकाच्या शेवटापासून एका कंपनीच्या आडून, स्वतःचं नाव कळू न देता रँचर लोकांकडून सुमारे ३५,००० एकर घेतले, राष्ट्रीय उद्यानाला देण्यासाठी. पुढे नाव फुटलं, बोंबाबोंब झाली. १९४३मध्ये रुझवेल्टने तिथे राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं तेव्हा निषेध म्हणून रँचर मंडळींनी त्यातून गुरं हाकत नेली, सोबत नट वॉलेस बीरी. १९५०ला सगळं उद्यानात गेलं आणि १९५१ला स्टीव्हन्स कॅमेरा घेऊन हजर. म्हणजे शूटिंगच्या वेळी त्या खोऱ्यातले खरे रायकर नुकतेच हरलेले होते.

माळरान

वा! हे कुणीतरी सविस्तर लिहा.

आता खरं सांगतो, रायकरचं भाषण मला का भिडलं. आमचे आजोबा झोपाळ्यावर बसून अगदी हेच बोलायचे. कोकणातली जमीन. १ एप्रिल १९५७ला कृषकदिन झाला, कसेल त्याची जमीन, आणि बरीचशी कुळांकडे गेली. आजोबा म्हणायचे, आम्ही रान मोडून शेतं केली, कड्यावरचे बांध घातले, आणि एका कागदाने गेलं. मी लहानपणी हे इतक्या वेळा ऐकलंय की रायकर बोलायला लागला तेव्हा मला झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज आला.

सातबारा

तुमच्या भावना समजतात, टोमणा नाही. पण एक विचारू? रान मोडलं कुणी? आजोबांनी की कुळांनी? रायकरचंही तेच. 'आम्ही' म्हणतो, पण गुरं हाकणारे पगारी काऊबॉय होते. त्यातला ख्रिस शेवटी त्याला सोडून शेनला सावध करायला येतो, ते उगाच नाही.

कोरडवाहू

नेमका प्रश्न.

माळरान

आत्ता आईला विचारून आलो. ती म्हणाली, बांध कुळांनीच घातले. आजोबा छत्री घेऊन उभे असायचे.

गुळाचा चहा

शेन मेलेलाच आहे. बाकी चालू द्या.