विषाणू दाद देत नसतानाही लॅमिव्ह्युडिन का चालू ठेवतात?

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. एचआयव्हीच्या आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकरात (एन्झाइममध्ये) १८४व्या जागी मिथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, म्हणजेच एम१८४व्ही हे उत्परिवर्तन झाले, की हे विकर रोखणाऱ्या लॅमिव्ह्युडिन या औषधाचा त्या विषाणूवर फारसा परिणाम होत नाही, असे आम्हाला शिकवले आहे. तरीही पहिली औषधे निष्फळ ठरल्यावर दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात बहुधा हेच औषध कायम ठेवले जाते, ते कशासाठी?

उत्तर १ : कारण या बदलाची किंमत विषाणूलाच मोजावी लागते. व्हॅलिनची फाटा फुटलेली बाजूसाखळी लॅमिव्ह्युडिनच्या गंधकयुक्त कड्याला अडते आणि औषध विकरात नीट बसत नाही. पण त्यामुळे विकराची स्वतःची कार्यक्षमताही घटते, विशेषतः ज्या पेशींत डीएनए बांधण्याचा कच्चा माल कमी असतो तेथे. शिवाय डीएनएच्या साखळीत शिरलेले झिडोव्ह्युडिन हे दुसरे एचआयव्हीरोधी औषध उपटून काढण्याची विषाणूची क्षमता मंदावते आणि टेनोफोव्हिर हे आणखी एक औषधही त्याच्यावर अधिक प्रभावी ठरते. लॅमिव्ह्युडिन चालू असेपर्यंत विषाणूला हा तोट्याचा बदल सोडता येत नाही. अन्य पर्याय उरले नसलेल्या रुग्णांवर इटलीत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, सर्व औषधे थांबवलेल्यांपेक्षा केवळ लॅमिव्ह्युडिन घेणाऱ्यांची प्रतिकारशक्ती अधिक सावकाश खालावली. माझ्या मते हा मुद्दा समजून घ्यायला यासारखे दुसरे उदाहरण नाही.

उत्तर २ : वरील विवेचन योग्य आहे, मात्र त्यावरून प्रत्येक औषधरोधी विषाणू दुबळाच असतो असा निष्कर्ष कृपया काढू नये. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीवरील औषधांना निष्प्रभ करणाऱ्या, त्याच विकरातील के१०३एन या बदलाची किंमत इतकी अल्प आहे की तो औषधाविनाही दीर्घकाळ टिकतो. फ्लूने तर सर्वांनाच धडा दिला. ओसेल्टामिव्हिर या फ्लूवरील औषधाला रोखणाऱ्या एच२७५वाय या बदलामुळे पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचणारे न्यूरामिनिडेज (नवे विषाणू पेशीपासून सुटे करणारे विकर) कमी होते, म्हणून असा विषाणू पसरणार नाही असे मानले जात होते. परंतु २००७-०८ च्या हिवाळ्यात, हे औषध क्वचितच वापरले जाणाऱ्या नॉर्वेत तो मोठ्या प्रमाणावर आढळला आणि पुढच्या हंगामापर्यंत हंगामी एच१एन१ हा फ्लूचा प्रकार जवळजवळ सगळाच तसा झाला. त्या विषाणूत आधीच झालेल्या इतर बदलांनी न्यूरामिनिडेजची ही तूट भरून काढली होती, हे २०१० मध्ये ब्लूम, गाँग आणि बाल्टिमोर यांनी दाखवून दिले. किंमत एका उत्परिवर्तनाची नसते, ते ज्या जनुकीय पार्श्वभूमीवर घडते तिच्यासह ती ठरते.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग औषध थांबवून काही महिन्यांनी केलेल्या तपासणीत एम१८४व्ही दिसले नाही, तर ते नाहीसे झाले असे समजावे का?

उत्तर १ : नाही. औषधाचा दाब उठला की मूळ प्रकार वरचढ होतो आणि जनुकांचा क्रम वाचण्याच्या नेहमीच्या सँगर पद्धतीत साधारण १५ ते २० टक्क्यांहून कमी प्रमाणातला प्रकार सहसा दिसत नाही. दीर्घायुषी पेशींच्या डीएनएत मात्र तो दडून राहतो. म्हणूनच औषधरोधाची तपासणी शक्यतो औषधे चालू असतानाच करावी आणि रुग्णाचे जुने अहवाल नव्या अहवालाच्या शेजारी ठेवून वाचावेत.