व्हीएसटी अँड कंपनी: नुसती नक्कल नव्हे

काहीजण म्हणतात की व्हीएसटी अँड कंपनी हा फिलिपिन्सचा डिस्को गट म्हणजे बी जीज या गाजलेल्या पाश्चात्त्य पॉप गटाची फिलिपिनो नक्कल. उंच, पातळ आवाज आणि डिस्कोचा ठेका बाहेरून आला, हे मान्य. पण १९७०च्या दशकाच्या अखेरीस, मनिला साउंड या तिथल्या लोकप्रिय संगीतप्रकाराच्या ऐन भरात, त्यांनी तो टागालोग या तिथल्या भाषेतल्या बोलांत असा काही मुरवला की परका वाटेना. 'आवितिन मो, इसासायाव को' लागलं की पाय स्वस्थ बसत नाहीत! आणि 'इपागपातावाद मो' जरूर ऐका. नाच बाजूला ठेवून संथ लयीत मागितलेली माफी आहे ती. असं गाणं नकलेतून येत नाही. यातले व्हिक सोटो पुढे 'ईट बुलागा' या टीव्ही कार्यक्रमामुळे घराघरांत पोचले, टिटो सोटो तर फिलिपिन्सच्या सिनेटचे अध्यक्ष झाले. माझ्या लेखी मात्र ते गाण्यांमुळेच मोठे.