काँटेसाला लाल रेघेचे टायर शोभतील का?

प्रश्न : यावलकर

सर्व जाणकारांना नमस्कार. यावलजवळच्या आमच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची १९८६ सालची काँटेसा गाडी गेली अकरा वर्षे उभी आहे. केळीच्या विक्रीचा हिशेब करायला जळगावला जाताना वडील मला पुढच्या सीटवर बसवत, आणि तापीच्या पुलावर ते लांबलचक बॉनेट पाहताना आपण फार मोठ्या गाडीत बसलो आहोत असे मला वाटे. त्याच काळात मामांकडच्या जुन्या मासिकात १९६४ सालच्या पाँटियाक जीटीओ या अमेरिकन गाडीचे चित्र होते; तिच्या काळ्या टायरवरची बारीक लाल रेघ मी तासन्‌तास पाहत असे. आता इंजिन नव्याने बांधून झाले आहे आणि टायर घ्यायचे आहेत. ती रेघ रंगवलेली असते की टायरच वेगळा असतो? आणि ती आमच्या गाडीला शोभेल का? वडील आता नाहीत, म्हणून आपल्याला विचारतो.

उत्तर : भुसावळचा वाचक

दादा, ती रेघ रंगाची नसते, रबराचीच असते. टायर घडवतानाच त्याच्या बाजूच्या भिंतीत लाल किंवा पांढऱ्या रबराचा थर घालतात आणि त्यावर काळ्या रबराचे पातळ आवरण ठेवतात. टायर साच्यातून बाहेर आल्यावर ते आवरण हव्या तेवढ्या रुंदीत घासून काढले की आतला रंग उघडा पडतो. टायरला काळेपणा आणि टिकाऊपणा देणारी काजळी या रंगीत थरात घालता येत नाही. शिवाय ऊन आणि ओझोन यांमुळे तडे जाऊ नयेत म्हणून काळ्या रबरात मिसळलेली रसायने हळूहळू पाझरतात, आणि पांढरी पट्टी तपकिरी पडते ती बहुधा त्यांच्यामुळेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा हा पाझर अधिकच वाढतो.

वरून रंग लावू नये, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची भिंत दबते आणि सुटते, त्यामुळे रंगाचे पापुद्रे निघतात. रिम आणि टायर यांच्यामध्ये बसवायच्या रबरी चकत्याही मिळतात. त्या जुन्या नायलॉन टायरवर ठीक बसत. आजच्या रेडियल टायरची भिंत मात्र अधिक फुगते, तिच्यावर चकती घासत राहते आणि टायरच झिजतो. लाल रेघेचे रेडियल टायर परदेशात आजही तयार होतात, पण आपल्या रिमचा आकार जुळतो याची खात्री झाल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

उत्तर : धुळ्याचे आबा

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी मनापासून सांगतो. १९६४ च्या जीटीओमध्ये ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन होते आणि त्याची शक्ती ३२५ अश्वशक्ती सांगितली जाई. तिच्या टायरवरची लाल रेघ ही वेगाची खूण होती. आपली काँटेसा १९८४ मध्ये आली ती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलच्या आराखड्यावर, आणि तिला इंजिन मिळाले अॅम्बॅसेडरचे दीड लिटरचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे. इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन पुढे आले. तिचे वैभव वेगात नव्हते, तर बांध्यात, रुबाबात आणि मागच्या ऐसपैस सीटमध्ये होते. मुंबई-आग्रा रस्त्यावर ती सावकाश आमच्या गल्लीकडे वळली की माणसे ओट्यावरून उठून पाहत. अशा गाडीला पांढरी बारीक पट्टी शोभते. धुळ्यातल्या लग्नांत नवरदेवाच्या फियाटला मी तशीच पट्टी पाहिली आहे. लाल रेघेची ओढ मला कळते, पण ती त्या चित्रातल्या गाडीची आहे.

उत्तर : चाळीसगावचा टायरवाला

रेघ कोणतीही घ्या, पण टायरच्या भिंतीवरच्या उत्पादन-क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय घेऊ नका. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील, तर टायर २००० सालापूर्वीचा आहे. शेडमधले जुने टायर वरून कितीही चांगले दिसले, तरी त्यांवर गाडी पुलापर्यंतही नेऊ नका.

यावलकर

आबा, आपले म्हणणे पटले. वडिलांच्या गाडीला पांढरी पट्टीच लावीन. भुसावळच्या दादांना विनंती आहे की, या रविवारी रिमचे माप घेऊन इथे लिहितो, ते एकदा तपासून द्यावे.